हंसाला भाव नाही

"बाई, ह्याला भाव नाही."

भंगारवाल्याने हंस उलटा करून पाहिला, नखाने थोडा रंग खरवडला आणि परत माझ्या पायाशी ठेवला. "नुसता टायर असता तर नेला असता. नुसती तार असती तरी नेली असती. ह्याच्यात सिमेंट आहे, तार आहे, वरून ऑइलपेंट. सोडवत बसलो तर माझा अर्धा दिवस जाईल. तुम्हीच सांगा, काय लावू?"

मला काही सांगता आलं नाही. हंस मी केला होता. स्कूटरचा जुना टायर कापून, उलटा करून, मानेत जाड तार घालून आणि बुडाशी सिमेंटचा गोळा ओतून. पांढरं अंग, नारिंगी चोच, पाठीवरच्या खोलगट जागेत ऑफिसटाइमची रोपं. परळच्या आमच्या गच्चीवर तो पाच वर्षं होता आणि त्यातली पहिली दोन वर्षं येणारा-जाणारा त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायचा.

मी चित्रकलेची आणि कार्यानुभवाची शिक्षिका. गिरगावात २९ वर्षं शिकवलं. 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील त्याची मोजदाद नाही. निवृत्त झाल्यावर तोच धडा मी महिला मंडळांत नेला, दादरपासून लालबागपर्यंत. शिबिराचं नाव 'जुन्या बागसामानातून अंगणाची शोभा'. अंगण आमच्यापैकी एकीकडेही नव्हतं. कुणाकडे गॅलरी, कुणाकडे खिडकीची जाळी, कुणाकडे सोसायटीच्या मेहेरबानीने मिळालेला गच्चीचा कोपरा. तरी नाव तेच ठेवलं, कारण अंगण म्हटलं की मुंबईकराच्या पोटात काहीतरी हलतं.

गेली दोन वर्षं मी ती शिबिरं घेत नाही. भेटणाऱ्या बायका आधी तब्येतीची चौकशी करतात. तब्येत उत्तम आहे. मत बदललं आहे. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून घरातल्या फुटक्या कुंड्या रंगवल्या, त्यांना हे सांगणं मी लागते. म्हणून लिहिते आहे.

माझं प्रत्येक शिबिर डालडाच्या डब्यापासून सुरू व्हायचं. बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट, बोरभाट. ही नावं ओळीने म्हटली तर पत्ते सांगतोय असं वाटत नाही, एखाद्या बागायतदाराची वही वाचतोय असं वाटतं. झाडं कधीच गेली. नावं पाट्यांवर राहिली आणि उरलीसुरली बाग गॅलरीच्या कठड्यावर डब्यांत येऊन बसली. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडाचं झाड, आत तुळस. वनस्पती तूप १९३२ पासून आपल्या शिवडीतच बनायला लागलं आणि १९३७ मध्ये 'डालडा' ह्या नावाने बाजारात आलं. म्हणजे आमच्या तुळशीचं वृंदावनही हाकेच्या अंतरावरचंच.

डबा रिकामा झाला की आजी बुडाला खिळ्याने चार भोकं पाडायची, तळाशी कौलाचा तुकडा ठेवायची आणि वर माती भरायची. एकात तुळस, एकात गवती चहा, एकात सब्जा, एकात ओवा. हे सगळं मी शिबिरात रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "बघा, आपल्या आज्या हे आधीपासूनच करत होत्या. आपण फक्त नाव दिलं."

टाळ्या पडायच्या. पण आजीची ती साक्ष मी खोटी काढत होते. आजीने आयुष्यात एकही डबा रंगवला नाही. तिला रोपाला भांडं हवं होतं आणि डबा रिकामा होता, एवढाच मामला. दोन-तीन पावसाळ्यांत बूड गंजून गेलं की रोप दुसऱ्या डब्यात जायचं आणि पहिला डबा पत्र्याच्या भावाने भंगारात. तो शेवटपर्यंत डबाच राहिला, म्हणून शेवटी त्याला भाव आला.

मी काय शिकवत होते ते आता उघड सांगते. उन्हाने तडकलेल्या प्लास्टिकच्या कुंड्या एकमेकींना चिकटवून बाहुले. पाण्याच्या फाटक्या नळीची वेटोळी घालून आरशाची चौकट. बोथट खुरपी आणि दात पडलेला पंजा दोरीला बांधून वाऱ्यावर वाजणारी माळ. नर्सरीच्या काळ्या पिशव्या कापून फुलं. आणि त्या काळात सगळ्यांना वेड लावलेला प्रकार म्हणजे सिमेंटची कुंडी. जुना टॉवेल नाहीतर गोणपाट सिमेंटच्या पातळ कालवणात बुडवायचं, उलट्या बादलीवर पसरून वाळवायचं, की झाली घड्याघड्यांची 'दगडी' कुंडी. मग ती ना गोणपाट, ना दगड, ना कुंडी. पण तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी, मार्च २०१८ मध्ये, राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली. लालबाग-परळात घरोघरी थर्माकोलची मखरं असायची. "बाई, आता मखराचं काय करायचं?" म्हणत बायका माझ्याकडे आल्या. त्या वर्षी मी करवंट्या, काथ्या, बांबूच्या कामट्या आणि फुटक्या कुंड्यांची मखरं करायला शिकवली, सुतळीने बांधून. त्याचा मला आजही अभिमान आहे. ती मखरं दहा दिवसांची होती, नंतर सुटून पुन्हा करवंट्या आणि कामट्या झाली. घोटाळा झाला तो मी बारमाही वस्तूंकडे वळल्यावर.

एकदा वहीत हिशोब मांडला. चिरलेली मातीची कुंडी वाचवायला प्रायमर, दोन रंगांचे डबे, आरसे, गोंद आणि वर वॉर्निश. कुंडी दीडशेची, औषध चारशेचं. आणि हे औषधही लागू पडत नव्हतं. ह्या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, उरलेले आठ महिने खारी हवा. जिथे लोखंडी जिने टिकत नाहीत तिथे माझ्या वॉर्निशचा काय पाड? जुलैत आरसे गळायचे, ऑगस्टमध्ये रंगाला पोपडे धरायचे आणि दसऱ्याला गच्चीच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली शोभेच्या वस्तूंचा ढीग जमलेला असायचा. फोटोत मात्र सगळं अजून ताजं आहे.

हेही मी पोटात घातलं असतं. झारीचं मात्र घालता येत नाही.

माझ्या सासूबाईंची जस्ती पत्र्याची झारी होती. १९८३ मध्ये लग्न होऊन मी लालबागला आले तेव्हाही ती जुनीच होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणीसंपाला वर्ष उलटून गेलं होतं आणि सासरे घरी बसले होते ते पुन्हा खात्यावर गेलेच नाहीत. त्या घरात कुठलीही वस्तू सहजासहजी टाकली जात नसे. झारी गळायला लागली की सासूबाई ती कोपऱ्यावरच्या कारागिराकडे नेऊन डाख देऊन आणायच्या. तोटीच्या सांध्याशी असे तीन डाख होते, वेगवेगळ्या वर्षांचे. आम्ही परळला राहायला आलो तेव्हा झारीही आली.

शिबिरं जोरात होती तेव्हाची गोष्ट. एका प्रदर्शनात टेबलाच्या मधोमध ठेवायला मला काहीतरी उठून दिसणारं हवं होतं. झारी तेव्हा सांध्यातून थेंबथेंब गळत होती, तिचा दोष एवढाच. मी तिला आकाशी रंग दिला, कागदी गुलाब चिकटवले, पोटाला गिरमिटाने भोकं पाडली आणि आत दिव्यांची माळ सोडली. प्रदर्शनात झारी गाजली. घरी आणली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "छान दिसतेय गं. आता पाणी कशाने घालायचं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी दादरला जाऊन प्लास्टिकची नवी झारी आणली. म्हणजे एक चालती वस्तू मी टाकाऊ करून ठेवली आणि तिच्या जागी उद्याचा टाकाऊ माल पैसे देऊन घरात घेतला. सासूबाई आता नाहीत. हे त्यांच्यापुढे कबूल करायचं राहून गेलं.

हंसाचं प्रकरण त्याहून वाईट. एका पावसाळ्यात आमच्या इमारतीत तिघांना डेंग्यू झाला, त्यात एक दुसरीतला मुलगा. पालिकेची माणसं गच्ची तपासायला आली. टाक्यांची झाकणं बघितली, कुंड्यांखालच्या बश्या बघितल्या. त्यांच्यातल्या एका मुलीने हंसाच्या मानेपाशी टॉर्च मारला आणि हाक मारली, "काकू, जरा इकडे या."

टायर उलटा केला की त्याच्या आतल्या कडेला पन्हळासारखी घळ राहते. रोपांच्या मातीतून झिरपलेलं पाणी तिथे साचलं होतं आणि त्यात बारीक अळ्या वेड्यावाकड्या उड्या मारत होत्या. मुलीने शांतपणे समजावून सांगितलं. डेंग्यूच्या डासाला गटार लागत नाही, साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी ओतून टाकलं तरी कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात. म्हणून नुसतं ओतायचं नाही, घासायचं. "तुम्ही आठवड्याला आतून घासता ना?"

आतून घासायला हातच जात नव्हता. मी तिथे सिमेंट ओतलं होतं.

मग मी वाचायला लागले, म्हणजे हे शिबिर भरवायच्या आधी करायला हवं होतं ते काम नंतर करायला लागले. १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला आशियातला टायगर डास ठाण मांडून बसलेला सापडला. तो गेला होता जुन्या टायरांच्या मालातून. टायर कुठूनही कसाही ओता, थोडं पाणी मागे ठेवतोच. अख्ख्या जगाने हा धडा घेतला आणि मी त्याच टायरला चोच लावून लोकांच्या खिडक्यांत बसवत होते.

त्या मुलाचा ताप माझ्या हंसाने आणला असं कुणी सिद्ध करू शकत नाही. आणला नाही असं मीही सिद्ध करू शकत नाही. मुलगा बरा झाला. त्याची आई माझ्या शिबिराला आलेली होती, त्यांच्याही जाळीत एक छोटा हंस होता. तो मी स्वतः जाऊन उतरवला. ती म्हणाली, "बाई, असू दे हो, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

तरी मत तिथे बदललं नाही. तिथे मी घाबरले, एवढंच. त्यानंतरही सहा महिने मी 'टायर सोडून बाकी सगळं' अशी शिबिरं घेतली. मत बदललं राणीच्या बागेत.

पालिकेच्या उद्यान विभागाचं पुष्पप्रदर्शन बघायला मी दर वर्षी भायखळ्याला जाते. फुलांनी मढवलेले प्राणी, मोठमोठे देखावे, समोर फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. त्या वर्षी गर्दीतून बाहेर पडून मी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला गेले आणि दगडी हत्तीसमोर टेकले. हा हत्ती मी लहानपणापासून बघत आले, पुढे शाळेच्या सहली घेऊनही त्याच्यासमोर उभी राहिले. हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे मागेच राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जोडून हत्ती ह्या बागेत पुन्हा उभा केला.

मुलांना मी हे सगळं तोंडपाठ सांगायचे. त्या दिवशी मात्र सांगायला कुणी नव्हतं, म्हणून नुसतं बघितलं. सांधे दिसतात. दगडाला दगड कुठे भिडवलाय ते डोळ्यांना कळतं. जोडणाऱ्यांनी त्यावर रंग फासला नाही आणि एवढे तुकडे आयते हाती आलेत तर दुसरंच काहीतरी करू, असंही त्यांच्या मनात आलं नाही. हत्ती फुटला होता, हत्तीच उभा राहिला. मला आमच्या झारीच्या तोटीवरचे तीन डाख आठवले. सासूबाई जे करत होत्या ते हेच होतं. त्या दुरुस्ती करत होत्या. मी २९ वर्षं आणि वर पाच वर्षं वेषांतर शिकवत होते.

वेषांतर केलेल्या वस्तूची पंचाईत अशी की तिचं जुनं काम गेलेलं असतं आणि नवं काम एकच उरतं, छान दिसणं. ते पहिल्या पावसात संपतं. मग ती दुरुस्त करता येत नाही, कारण मुळात काय दुरुस्त करायचं हेच कळत नाही. आणि भंगारातही जात नाही, कारण भंगाराचा सगळा धंदा वेगळं करण्यावर चालतो. पत्रा पत्र्यात, रबर रबरात, प्लास्टिकमध्येही ह्या जातीचं वेगळं आणि त्या जातीचं वेगळं. धारावीच्या तेराव्या कंपाउंडमध्ये माणसं दिवसभर बसून हेच निवडतात. मी गोंद आणि सिमेंट घेऊन ह्या माणसांच्या नेमक्या उलट्या दिशेने काम करत होते आणि त्याला पर्यावरण म्हणत होते.

हे मी एका जुन्या सहकारी शिक्षकांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "मग नेकचंदचं काय?" प्रश्न रास्त होता, कारण शिबिरात नेकचंदांचे फोटो मीच दाखवायचे. चंदीगडच्या बांधकाम खात्यातल्या ह्या रस्ते निरीक्षकाने १९५७ पासून जंगलात लपूनछपून फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या आणून त्यांच्या मूर्ती घडवल्या आणि १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली. नेकचंदांनीही सिमेंट वापरलं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण त्यांच्या बाहुलीच्या अंगावरची बांगडी बांगडीसारखीच दिसते. आणि मुख्य म्हणजे त्या माणसाने अख्खं आयुष्य त्या बागेला दिलं. मी लोकांना तीन तास देत होते आणि वस्तू त्यांच्या गळ्यात बांधून घरी पाठवत होते. कलावंताला जे शोभतं ते शिबिराला शोभेलच असं नाही. एवढं बोलून मी गप्प बसले, कारण नेकचंदांना उत्तर द्यायची माझी पात्रता नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अजून पक्की नाही. त्या शिबिरांना बावीस-पंचवीस बायका यायच्या. सून नवीन, नवरा अबोल, गुडघे दुखतायत, अशा. तीन तास हातात ब्रश धरून त्या हसायच्या, एकमेकींच्या कुंडीला नावं ठेवायच्या. त्या हसण्याला मी टाकाऊ म्हणणार नाही. आता मी महिन्यातल्या एका शनिवारी गच्चीवर 'दुरुस्ती' ठेवते. नळी कापून सांधा बसवायचा, खुरप्याला नवी मूठ, गळक्या झारीला डाख, चिरलेल्या कुंडीला तार आवळून बांधायची. कुंडीला रंग हवाच असेल तर गेरू. धुऊन गेला तर मातीत माती जाते. ह्याला पाच-सहा जणी येतात. कुणी फोटो काढत नाही. काढणार कशाचा? दुरुस्त झालेली नळी ही नळीसारखीच दिसते.

शोभेची एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही. दिवाळीत मुलं गच्चीवर किल्ला करतात. विटा, दगड आणि वर चिखलात भिजवलेलं गोणपाट. फुटकी कुंडी आडवी ठेवली की गुहा होते, तिचा वरचा काठ म्हणजे बुरूज. कौलांच्या तुकड्यांच्या पायऱ्या, नळीचा तुकडा पुरून तळ्यात पाणी. वर अळीव आणि मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवं रान. बागेतलं सगळं निकामी सामान तिथे कामाला येतं आणि कशालाही गोंद लागत नाही. तुळशीचं लग्न लागलं की किल्ला मोडायचा. माती परत कुंड्यांत, गोणपाट वाळवून पुढच्या वर्षाला, खापऱ्या कुंड्यांच्या तळाशी. एवढ्या वर्षांत मी हा किल्ला एकाही शिबिरात शिकवला नाही. तो मला पोरखेळ वाटायचा.

हंसाचं शेवटी काय झालं ते सांगते. भंगारवाला गेल्यावर मी लोखंड कापायची करवत घेऊन बसले. दोन दुपारी गेल्या, तळव्याला फोड आले. टायर वेगळा झाला, तार वेगळी झाली. पुढच्या फेरीला भंगारवाल्याने दोन्ही वजन करून नेलं आणि माझ्या हातावर बारा रुपये ठेवले. सिमेंटचा गोळा काही कशाने फुटेना. गेल्या दिवाळीत मुलांनी तो किल्ल्याच्या पोटात घातला, त्यावर चिखल लिंपून कडा केला आणि कड्यावर एक मावळा उभा केला. मुलांना त्याचं पूर्वायुष्य माहीत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला. पाणी मारलं तशी माती सुटली, मोहरीची मुळं सुटली आणि आतून गोळा बाहेर आला, होता तसाच, टवकासुद्धा उडाला नव्हता. ३४ वर्षांत मी केलेली टिकाऊ म्हणावी अशी ही एकच वस्तू. वाऱ्याने आपटू नये म्हणून गच्चीच्या दाराला लावून ठेवली आहे.